दूरच्या अभ्यासकांशी निसर्गनोंदींची देवाणघेवाण: काय लिहावं, काय राखून ठेवावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पुण्यात राहता, वेताळ टेकडी आणि पाषाण तलाव या दोन जागी काही वर्षं नेमाने फिरता, पक्षी, चतुर, झाडं असं सगळं टिपून ठेवता. आसाम, केरळ आणि युरोपातल्या काही अभ्यासकांना तुम्ही याद्या आणि फोटो पाठवले. एकदोघांनी आभार मानले, बाकीच्यांचं उत्तरच आलं नाही. अशी देवाणघेवाण टिकवायची कशी आणि नोंद नेमकी कशी लिहायची, हे तुम्हाला हवं आहे.

यादीला उत्तर देता येत नाही, प्रश्नाला देता येतं. तुमची यादी कितीही चोख असली तरी ती वाचून समोरच्याने पुढे काय करायचं हे तिच्यात नसतं. तो ‘छान’ म्हणतो आणि कामाला लागतो. त्याऐवजी असा एखादा प्रश्न शोधा की ज्याचा अर्धा भाग तुमच्या टेकडीवर आहे आणि अर्धा त्याच्या गावात. तुम्हा दोघांपैकी कुणालाही तो एकट्याने सोडवता येणार नाही. पत्रव्यवहार वर्षानुवर्षं चालू राहतो तो अशा प्रश्नामुळे. बाकी सगळं, म्हणजे फोटो, अक्षांश-रेखांश, शास्त्रीय नावं, हे त्याच्या मागून येतं.

याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण चतुरांचं आहे. पाऊस ओसरताना आपल्याकडे टेकड्यांवर, मोकळ्या मैदानांवर, अगदी बांधकाम चालू असलेल्या प्लॉटवरसुद्धा पिवळसर-नारिंगी चतुरांचे थवे घिरट्या घालताना दिसतात. त्यांतले बहुतेक एकाच जातीचे असतात: पॅन्टाला फ्लॅव्हेसेन्स. मालदीवमध्ये राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांना दर ऑक्टोबरमध्ये तिथल्या राजधानीत, मालेत, हे चतुर अचानक हजारोंनी आलेले दिसत. आता मालदीव म्हणजे प्रवाळाची बेटं. तिथे जमिनीवर गोडं पाणी जवळजवळ नाही, आणि चतुराची पिल्लं तर गोड्या पाण्यात वाढतात. म्हणजे हे चतुर तिथले नव्हते. मग आले कुठून? मालेत बसून याचं उत्तर मिळणं शक्य नव्हतं. त्यांनी आपल्या तारखा वर्षानुवर्षं लिहून ठेवल्या आणि दक्षिण भारत, मालदीवची दक्षिणेकडची बेटं, सेशेल्स अशा ठिकाणच्या लोकांच्या तारखा त्यांच्या शेजारी मांडल्या. क्रम स्वच्छ दिसला: आधी दक्षिण भारत, मग माले, मग आणखी दक्षिणेकडची बेटं, नोव्हेंबरात सेशेल्स, डिसेंबरात अल्डाब्रा बेट. 2009 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं: भारतातून समुद्रावरून पूर्व आफ्रिकेकडे आणि पुढे परतीचा असा अनेक पिढ्यांत पुरा होणारा 14 ते 18 हजार किलोमीटरचा फेरा असावा.

त्या कामात एक अडचण होती, आणि ती जशी सुटली त्यातून शिकण्यासारखं आहे. ऑक्टोबरात मालेच्या जमिनीलगतचा वारा पश्चिमेकडून वाहत असतो, म्हणजे चतुरांना नेमका उलटा. पण एक हजार मीटरच्या वर वारा ईशान्येकडचा असतो. चतुर त्या उंचीवरून येत असणार, असं अँडरसन यांनी मांडलं. नुसती ‘चतुर आले’ अशी नोंद असती तर हे सुचलं नसतं. नोंदीत वाऱ्याची दिशाही होती. पुढे 2012 मध्ये मालदीवमधल्या चतुरांच्या पंखांतल्या हायड्रोजनच्या समस्थानिकांची (कमीजास्त वजनाच्या अणूंची; त्यांचं प्रमाण जागेनुसार बदलतं) तपासणी झाली आणि ते भारतीय उपखंडाच्या उत्तर भागातून येत असावेत असं दिसलं. ती दिशा पाहिली तर दख्खनचं पठार वाटेवर येतं. तेव्हा तुम्ही पाषाणला उभं राहून ‘आज चतुर फार आहेत’ असं लिहिता ती नोंद एका मोठ्या साखळीची कडी होऊ शकते. अट एवढीच की चतुर कोणत्या दिशेने चालले होते, वारा कुठून होता, ते जोडीने पाण्यावर अंडी घालत होते की नुसतेच पुढे सरकत होते, हे त्यात असलं पाहिजे.

आता नोंद लिहिण्याकडे येतो, कारण बहुतेकांचं इथे अडतं.

दूरच्या माणसाने तुमची टेकडी पाहिलेली नाही. त्या सकाळी तिथे कोण होतं, ऊन होतं की धुकं, त्याला काही माहीत नाही. त्याच्या हाती फक्त तुमचे शब्द आहेत. म्हणून पाहिलेलं आणि त्यावरून काढलेलं अनुमान, ही दोन्ही वेगळी लिहावीत. दोन्ही लिहावीत, पण वेगळी. एक साधी गोष्ट घ्या. ‘शिंजीर जास्वंदीवर मध प्यायला आला’ असं आपण सहज लिहितो. परागीभवनाचा अभ्यास करणाऱ्या माणसाला या वाक्याचा काही उपयोग नाही. शिंजिराने चोच फुलाच्या तोंडातून आत घातली, की फुलाच्या तळाशी बाहेरून भोक पाडून मध काढला? पहिल्या प्रकारात त्याच्या अंगाला पराग लागायची शक्यता असते, दुसऱ्यात फुलाचा काही फायदा होत नाही; ती मधचोरीच. ‘चोच देठाजवळ बाहेरून खुपसली, दोन सेकंदं, मग पुढच्या फुलावर; पुंकेसरांना अंग लागलं नाही’ असं लिहिलंत तर केरळातला अभ्यासक त्यावरून काहीतरी मांडू शकतो. मध प्यायला हे तुमचं अनुमान आहे, चोच कुठे होती हे तुम्ही पाहिलंय. घरटं, भांडण, प्रणय, भीती हे सगळे शब्द अनुमानाचे आहेत. वापरा, पण आधी पक्ष्याने काय केलं ते लिहा.

समजा सप्टेंबरात वेताळ टेकडीवर तुम्हाला हिरवट पर्ण वटवट्या दिसला. ‘पर्ण वटवट्या दिसला, स्थलांतर सुरू झालं’ ही नोंद तुमच्या आनंदाची झाली. पाठवण्याजोगी नोंद साधारण अशी असेल:

‘वेताळ टेकडी, पुणे, जुन्या खाणीकडे जाणारी वाट. 20 सप्टेंबर, सकाळी 6:50 ते 8:20, एकटा, सुमारे दोन किलोमीटर चाललो. ढगाळ, रात्री पाऊस झालेला. एक पर्ण वटवट्या, गिरिपुष्पाच्या शेंड्यात, जमिनीपासून चारपाच मीटरवर. लांब पिवळसर भुवई, पंखावर एक अरुंद फिकट पट्टी, डोक्यावर मधली पट्टी नाही. दोन तुकड्यांची हाक तीनदा ऐकली, रेकॉर्डिंग आहे. हिरवट पर्ण वटवट्या समजतो. 13 सप्टेंबरला याच वाटेवर याच वेळी तेवढाच फिरलो होतो. दिसला नव्हता, ऐकूही आला नव्हता.’

यातलं सर्वांत मौल्यवान वाक्य शेवटचं आहे. ते नसतं तर 20 सप्टेंबर ही फक्त तुम्ही तिथे गेल्याची तारीख ठरली असती. ते आहे म्हणून पक्षी 13 ते 20 च्या दरम्यान आला असं म्हणता येतं. आगमनाच्या पहिल्या तारखांच्या बाबतीत मी फार सावध असतो. फिरणारी माणसं वाढली की पहिली तारीख आपोआप आधीची होत जाते, पक्षी लवकर आलेले नसतानाही. आणि सगळे हौशी निरीक्षक रविवारी फिरले की पक्षी रविवारीच येतात असं दिसू लागतं. याला एकच उपाय: न दिसल्याच्या नोंदी, किती वेळ आणि किती अंतर फिरलो यासकट. ‘काहीच नव्हतं’ असा दिवस वहीत यायलाच हवा. मायग्रंटवॉच या उपक्रमाने 2007 पासून देशभरच्या लोकांकडून हिवाळी पाहुण्यांच्या तारखा गोळा केल्या, चातकासाठी वेगळी मोहीमही चालवली. पक्षीनोंदींच्या ईबर्ड या संकेतस्थळावर आज जी ‘पूर्ण यादी’ मागतात तिच्यामागचं कारणही हेच: जे यादीत नाही ते तुम्ही पाहिलं नाही, असं तिच्यातून कळतं. 2023 च्या भारतीय पक्ष्यांच्या स्थितीच्या अहवालात सुमारे 30 हजार पक्षीनिरीक्षकांच्या 3 कोटी नोंदी वापरल्या गेल्या. त्या वापरता आल्या त्या बऱ्याच अंशी न दिसण्याच्या या हिशेबामुळे.

संख्येबद्दल फार सांगत नाही. मोजले असतील तर ‘मोजले 43’, अंदाज असेल तर ‘अंदाजे 300 ते 400, पन्नासाच्या गटाने’ असं लिहा. संध्याकाळी रातथाऱ्याला उतरणाऱ्या भोरड्यांना ‘असंख्य’ म्हणण्यापेक्षा हा अंदाज कितीतरी बरा. तारखेत महिना अक्षरांत लिहा, कारण 5/6 म्हणजे आपल्याकडे 5 जून आणि अमेरिकेत 6 मे. स्थानिक नावाबरोबर शास्त्रीय नाव द्या. अक्षांश-रेखांश दशांशात तीन स्थळांपर्यंत दिले की साधारण शंभर मीटरचा नेमकेपणा येतो. बहुतेक कामांना तेवढा पुरतो.

ओळख पटवण्यासाठी लोक फोटोंवर फार विसंबतात. पर्ण वटवट्यांसारख्या पक्ष्यांत आवाजच खरा. इंग्लंडमधल्या सेलबर्न गावचे निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइट यांनी 1768 मध्ये वेल्समधले अभ्यासक थॉमस पेनंट यांना पत्राने कळवलं की सगळे ज्याला एक समजतात तो लहान हिरवट वटवट्या प्रत्यक्षात तीन वेगळ्या जातींचा आहे. त्यांना पहिला सुगावा लागला तो आवाजावरून. पेनंट त्या झाडांखाली कधी उभे नव्हते, तरी पत्र वाचून त्यांना फरक कळण्याजोगा होता, कारण व्हाइट यांनी आवाज, आकार, पायांचा रंग, पिसांच्या कडा असं सगळं सुटं सुटं लिहिलं होतं. तुमच्याकडे तर खिशात फोन आहे. हाक ऐकली की आधी रेकॉर्डिंग सुरू करा, मग दुर्बीण उचला. रेकॉर्डिंगच्या शेवटी स्वतःच्या आवाजात जागा, वेळ आणि पक्षी काय करत होता ते बोलून ठेवा. फाइलीचं नाव बदललं तरी ते त्यात राहतं.

वनस्पतींचं वेगळं आहे. फक्त फुलाचा सुंदर फोटो हा वनस्पतिशास्त्रज्ञाला पाठवायचा सर्वांत निरुपयोगी फोटो. त्याला पूर्ण झाड किंवा झुडूप, खोडाची साल, पानांची मांडणी, पानाच्या दोन्ही बाजू, फूल समोरून, बाजूने आणि मागून, फळ असेल तर फळ, आणि बाजूला ठेवलेली पट्टी हवी असते. खर्पुडीच्या जाती ओळखताना फुलाच्या नळीतला आतला भाग महत्त्वाचा; वरून काढलेल्या फोटोत तो दिसतच नाही. पान चुरगळल्यावर येणारा वास, चीक निघतो का, त्याचा रंग, झाड खडकाच्या भेगेत आहे की मातीत, हे फोटोत कधीच येत नाही. ते लिहावंच लागतं.

झाडांच्या बाबतीत दूरच्या सहकाऱ्याबरोबर करण्यासारखं एक फार चांगलं काम आहे. दोघांनी एकाच जातीची तीनचार झाडं ठरवायची. पळस घ्या, पांगारा घ्या, काटेसावर घ्या. तीच झाडं, दर आठवड्याला, वर्षभर. कळ्या, उमललेली फुलं, कोवळी फळं, पिकलेली फळं, नवी पालवी, या प्रत्येकाला ‘नाही, थोडं, भरपूर’ असे तीनच दर्जे द्यायचे. पुण्याचा पळस आणि नागपूरचा पळस यांची वही शेजारी ठेवली की दोन वर्षांतच अशा गोष्टी दिसू लागतात ज्या एकट्या वहीत दिसत नाहीत: फुलोरा पानगळीच्या किती मागून येतो, अवकाळी पाऊस आला की काय होतं, एकाच टेकडीवरचं एखादं झाड दर वर्षी इतरांच्या पुढे का असतं. कारवीचं तर विचारूच नका. ती आठ वर्षांनी एकदा फुलते. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात 2008, 2016 आणि 2024 मध्ये तिचा बहर आला. पण सह्याद्रीच्या प्रत्येक डोंगराचं वर्ष तेच असतं असं नाही. कुठल्या डोंगरावर कोणत्या वर्षी बहर आला याचा एक नीट नकाशा घाटाच्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून करायला हवा. हे काम मला मनापासून व्हावंसं वाटतं, आणि त्याला महागडी उपकरणं लागत नाहीत, फक्त वेगवेगळ्या तालुक्यांतली, एकमेकांना पत्र लिहिणारी माणसं लागतात.

जागा खोटी लिहिली की काय होतं, हे महाराष्ट्राइतकं क्वचितच कुणी भोगलं असेल. रानपिंगळ्याचं वर्णन ए. ओ. ह्यूम यांनी 1873 मध्ये केलं. 1884 नंतर त्याची खात्रीची एकही नोंद नव्हती. मात्र रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या संग्रहात एक नमुना होता. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 1914, मांडवी, गुजरात. शोधणारे त्या भागात जात आणि रिकाम्या हाताने परत येत. पुढे अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी त्या नमुन्याची कसून तपासणी केली. तो जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात 1880 च्या दशकात गोळा केलेला, नंतर चोरलेला आणि नवी चिठ्ठी लावलेला नमुना निघाला. ती चिठ्ठी बाजूला ठेवून त्या आणि त्यांचे सहकारी जुन्या खऱ्या जागांवर गेले, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळच्या रानात रानपिंगळा दिवसाढवळ्या झाडावर बसलेला सापडला. 113 वर्षांनी. त्यानंतर तो मेळघाटात मिळाला, 2014 मध्ये तानसाच्या अभयारण्यातही दिसला. लबाडी ही टोकाची गोष्ट झाली. पण अंदाजाने लिहिलेली जागा, आठवणीतून भरलेली तारीख, मित्राने पाहिलेलं आणि आपण पाहिलं असं वाटून लिहिलेलं, यांचा परिणाम त्याच जातीचा असतो. नोंद त्या दिवशीच लिहा. डार्विन यांनी 1867 मध्ये माणसांच्या चेहऱ्यावरच्या भावांबद्दल 16 प्रश्नांचा एक छापील कागद जगभर पाठवला होता; स्मरणशक्तीवर विसंबू नका, प्रत्यक्ष पाहून लिहा, अशी विनंती त्यांनी त्याबरोबर केली. त्यांना 36 उत्तरं आली. एवढ्या मोठ्या माणसालाही एवढीच आली, हे उत्तर न आलेल्या पत्रांबद्दल वाईट वाटेल तेव्हा लक्षात असू द्या.

डार्विन यांचा आणखी एक पत्रव्यवहार इथे सांगतो, कारण तो आपल्या देशातला आहे. कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात एडवर्ड ब्लिथ काम करत. 1855 पासून त्यांनी डार्विन यांना पाळीव जनावरं, त्यांचे संकर, रानटी पूर्वज याविषयी लांबलचक पत्रं लिहिली. ती पत्रं टिकली याचं कारण डार्विन नेमकं विचारत आणि ब्लिथ नेमकं सांगत, वर न विचारलेलंही भरपूर सांगत. आपल्याकडे हिवाळ्यात झुडपांतून ‘टक टक’ करणारा ब्लिथचा बोरू वटवट्या त्यांच्याच नावाचा. दूरच्या माणसाला काय हवंय ते आधी विचारून घेणं, ही यातली सवय उचलण्याजोगी आहे.

पुण्यातून नोंदी बाहेर जाण्याची रीत तर त्याहून जुनी आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स 1824 पासून दख्खनमध्ये सरकारी माहिती गोळा करत हिंडले आणि 1832 मध्ये लंडनमध्ये त्यांची पक्ष्यांची यादी प्रसिद्ध झाली. मुळा-मुठेच्या काठावर उभा असलेला वंचक, अर्डिओला ग्रेई, आणि माळावर टोळीने ओरडत फिरणारा मोठा राखी सातभाई, अर्ग्या माल्कमी, यांना शास्त्रीय नावं त्यांनी दिली. एका नावात लंडनचे प्राणिशास्त्रज्ञ आहेत, दुसऱ्यात मुंबईचे गव्हर्नर. माळरान ज्यांच्या पायाखालचं होतं त्यांची नावं त्यात नाहीत. आज आपण जेव्हा दूर नोंद पाठवतो तेव्हा हे आपल्या हातात आहे. सासवडच्या माळावर लांडग्याची जोडी कुठे पाणी प्यायला येते हे तुम्हाला एखाद्या धनगर दादांनी सांगितलं असेल, तर नोंदीत ते त्यांच्याकडून कळलं असं लिहा, आधी त्यांना विचारून. नाव नको म्हणाले तर नाव टाळा, पण माहिती तुमची नाही हे नोंदीत राहू द्या. वनरक्षक, कोळी, शेतकरी ताई, गुराखी, सगळ्यांबाबत हेच. मोठ्या शहरातल्या किंवा परदेशातल्या अभ्यासकाने ती माहिती पुढे वापरली तर श्रेय कसं दिलं जाईल हे पहिल्याच पत्रात विचारायला संकोच करू नका. चांगला अभ्यासक या प्रश्नाने दुखावत नाही.

काय सांगू नये, हेही तितकंच महत्त्वाचं. शिंदळ माकुडी या दुर्मिळ वनस्पतीचं वर्णन 1865 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी जुन्नर भागातल्या झाडांवरून केलं. ती सह्याद्रीतल्या मोजक्याच कड्यांवर वाढते, आणि ती संग्राहकांनाही हवी असते. तिचा नेमका कडा कुणालाही पाठवू नका. जिल्हा आणि तालुका पुरे. ऑर्किडं, तारकासवं, शिकारी पक्ष्यांची घरटी यांच्या बाबतीत हीच सावधगिरी. दिवाळीच्या आसपास घुबडांच्या जागा सांगायच्याच नाहीत. अमावास्येच्या अंधश्रद्धेपायी त्यांचे बळी दिले जातात. निसर्गनोंदींच्या आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर जागा झाकायची सोय आहे, ती वापरली की नोंद सुमारे वीस-बावीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी दाखवली जाते. पण खासगी संदेशातून पाठवलेल्या मूळ फोटोत जागा लपलेली असते, हे लोक विसरतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की ती माहिती जशीच्या तशी जाते. पाठवण्याआधी काढून टाका.

वस्तू तर पाठवूच नका. पीस, अंडं, घरटं, कवटी, मेलेलं फुलपाखरू, दाबून वाळवलेली फांदी, यातलं काहीही पाकिटात घालून परदेशी पाठवायचं नाही, समोरच्याने कितीही प्रेमाने मागितलं तरी. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि 2002 चा जैवविविधता कायदा आड येतात. परदेशी संशोधकाला इथला जैविक नमुना हवा असेल तर त्यासाठी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची वाट आहे आणि ती संस्थांनी चालायची वाट आहे. तुम्हाला एखादी वनस्पती खरंच वेगळी वाटत असेल तर आपल्या गावात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, प्राण्यांसाठी प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्थेत वनस्पतिसंग्रह आहे. तिथल्या अभ्यासकांना आधी फोटो दाखवा. दूरच्या माणसाचं पत्र येण्याआधी जवळच्या माणसाकडून उत्तर मिळेल, आणि नमुना गोळा करायचाच असेल तर परवानगी कशी घ्यायची तेही तेच सांगतील.

प्रत्येक नोंदीला वहीत क्रमांक द्या आणि कोणती नोंद कुणाला पाठवली ते लिहून ठेवा. पुढे ओळख बदलली तर त्या क्रमांकाने सगळ्यांना कळवता येतं. समोरच्यानेही असंच करावं अशी अपेक्षा ठेवायला हरकत नाही. उत्तराला वेळ लागतो; नोव्हेंबर ते एप्रिल बरेच जण रानात असतात. महिनाभर थांबा, मग एकदाच आठवण करा. आणि तुम्हाला कुणी विचारलं, तर ‘माझ्याकडे ही नोंद नाही’ एवढंही लगेच कळवा, कारण त्याच्या नकाशावर तीही एक खूण आहे.

आता सुरुवात कुठून करायची? आसामच्या अभ्यासकांशी करायची असेल तर अमूर ससाणा घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आसामशेजारच्या नागालँडमध्ये डोयांग जलाशयाकाठी ते प्रचंड संख्येने थांबतात. 2013 मध्ये तिथे तीन ससाण्यांवर उपग्रहाचे ट्रान्समीटर बसवले, नावं दिली नागा, वोखा आणि पांगती. ते भारतीय द्वीपकल्प ओलांडून अरबी समुद्रावरून आफ्रिकेत गेले. नोव्हेंबरअखेर लोणावळ्याच्या पठारांवर हे ससाणे आपल्याला पाहायला मिळतात. चतुर समुद्र ओलांडतात त्याच सुमाराला तेही ओलांडतात, आणि वाटेत चतुरच खात असावेत, हे अँडरसन यांनी 2009 मध्येच सुचवलं होतं. तुम्हाला त्यांच्याकडून फक्त तिकडून थवे निघाल्याची तारीख हवी, आणि त्यांना तुमच्याकडून लोणावळ्यात ते कधी पोहोचले, किती वेळ थांबले आणि हवेत पायांनी काय पकडून खात होते, हे हवं. केरळच्या सहकाऱ्यांशी चतुरांचं काम जमेल. पहिलं पत्र दहा ओळींच्या आत ठेवा: तुम्ही कोण, कुठली जागा किती नेमाने पाहता, प्रश्न कोणता, तुमच्याकडच्या दोन वर्षांच्या तारखा, ज्या दिवशी गेलात आणि चतुर नव्हते त्या दिवसांसकट, आणि त्यांच्याकडे गेल्या हंगामात थवे पहिल्यांदा कधी दिसले, वारा कुठल्या दिशेचा होता, एवढं विचारा.